गळाला लागलेला पाळणा

“क्लिक केलंत ना?” हेमांगीनं विचारलं.

समोर उभे असलेले सोसायटीचे चेअरमन घाटगे साहेब मान खाली घालून काचेच्या काउंटरवरच्या आपल्या पेनड्राइव्हकडे बघू लागले. “फोल्डर उघडत नव्हतं म्हणून एकदाच...”

“एकदाच तर सगळे करतात. दुसऱ्यांदा करायला काही उरत नाही, साहेब. ठेवून जा. परवा या.”

साहेब मुकाट्यानं गेले. कऱ्हाडात हेमांगी शेटेच्या दुकानात आलेला माणूस बोलणी खाऊनच बाहेर पडायचा, पण त्याच्या फायली मात्र परत मिळायच्या. दोन हजार चाळीस साल उजाडलं तरी पेनड्राइव्ह काही मेला नव्हता. लोकांनी आपले फोटो आणि आवाज क्लाउडवर चढवले, क्लाउडचं भाडं परवडेनासं झालं, तसे ते पुन्हा खाली उतरून कपाटातल्या पेनड्राइव्हमध्ये येऊन बसले. आणि त्यांच्या मागोमाग गळ आला.

जुने व्हायरस रांगडे होते. फायली पुसायचे, नाहीतर कुलूप लावून खंडणी मागायचे. गळ तसा नव्हता. तो मुळी फायलीत राहतच नसे. पेनड्राइव्हच्या आत दोन चिप असतात. एक कोठार आणि एक कोठाराचा कारकून. तुम्ही मागितलं की कारकून आत जाऊन आणून देतो. गळ त्या कारकुनाच्या अंगात शिरायचा. तिथं बसून तो बघायचा की हा माणूस कुठली फाईल उघडतो, कुठं रेंगाळतो, कुठं परत परत येतो. मग कोठारातल्याच आवाजांचं आणि चेहऱ्यांचं कापड वापरून तो तशाच नव्या फायली शिवायचा. पाच शिवायच्या, माणूस जिथं थबकेल ती ठेवायची आणि पुढच्या पाच तिच्या मापानं शिवायच्या. शेवटी माणूस इतका भुलतो, की ती फाईल आपल्या चांगल्या संगणकावर, फोनवर, नातेवाइकांच्या ग्रुपवर स्वतःच्या हातानं नेऊन ठेवतो. गळाला तेवढंच हवं असतं. मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात, इथं ते पेनड्राइव्हवर दिसायचं.

म्हणून हेमांगीचा नियम एकच होता. संसर्ग झालेल्या ड्राइव्हमध्ये डोकवायचंसुद्धा नाही. आधी गरम हवेनं कोठाराची चिप अलगद उचकटून काढायची, कारकुनाला बाजूला ठेवायचं, आणि चिप थेट वाचकयंत्रात घालून जे असेल ते सगळं उतरवून घ्यायचं. मग ती नक्कल आतल्या खोलीतल्या संगणकावर उघडायची. या संगणकाला ती ‘सोवळ्यातला’ म्हणायची. त्याला इंटरनेट नाही, ब्लूटूथ नाही, तो कुणाला शिवत नाही आणि त्याला कुणी शिवायचं नाही. रोज सकाळी तो नव्यानं, कोऱ्या मनानं सुरू व्हायचा.

घाटगे साहेब गेले आणि शर्वरी आली. हेमांगीची धाकटी बहीण, ओली बाळंतीण, डोक्याला रुमाल बांधलेली. खाली रिक्षात तिची सासू बाळाला घेऊन बसली होती.

“अगं, या अवस्थेत कशाला आलीस? मी आले असते की.”

“तू येतीस होय? फोन केला तर तीन शब्द बोलतीस.” शर्वरीनं मुठीतला लाल पेनड्राइव्ह काउंटरवर ठेवला. “आईचे पाळणे आहेत यात, ताई. वर्षश्राद्धाला तिच्या फोटोची मोठी प्रिंट काढायला स्टुडिओत दिला होता, तिथनंच काहीतरी लागलंय बघ. घरी टीव्हीला लावला तर सगळ्या फोल्डरांची नावं कशीतरीच दिसायला लागली. मी लगेच काढला. रविवारी बारसं आहे. मला माझा पाळणा पाहिजे. आईच्या आवाजात लावणार आहे बाळासाठी.”

माझा पाळणा. हेमांगीला ते दोन शब्द पूर्वीसारखेच खुपले.

त्यांची आई, मंगलाकाकू, सोमवार पेठेत पाळणेवाल्या काकू म्हणूनच ओळखली जायची. कुणाचंही बारसं असो, काकू बाळाचं नाव, बापाचं नाव, घरातली एखादी खोड असं सगळं गुंफून ताजा पाळणा रचायच्या आणि आपल्या टेपरेकॉर्डरवर उतरवून ठेवायच्या. आत्यानं कानात सांगितलेलं नाव पुढं टिकतंच असं नाही, शाळेत घालताना दुसरंच चिकटतं. पण काकूंच्या पाळण्यात ते कायमचं राहायचं. पुढं त्या सगळ्या कॅसेटी पेनड्राइव्हवर चढवून घेतल्या. शर्वरीचा पाळणा तर पेठेत सगळ्यांना पाठ होता. ‘शर्वरी आली चांदणं घेऊनी’, असा. लहानपणी पाहुणे आले की आई तो म्हणून दाखवायची आणि हेमांगी दाराशी उभी राहून ऐकायची.

“आई, माझा गं?” तिनं एकदा विचारलं होतं.

“तुझा पण आहे की, कुठंतरी कॅसेटीत असेल,” आई भाजी निवडता निवडता म्हणाली होती. कुठंतरी. धाकटीचा ओठांवर आणि थोरलीचा कुठंतरी. चाळिशीच्या दाराशी आलेली, गावात नाव काढलेली बाई हा शब्द अजून उगाळत बसली होती, हे तिनं कुणाला सांगितलं असतं तर लोक हसले असते. म्हणून तिनं सांगितलं नाही. ती नुसती जळत राहिली.

“रविवारपर्यंत होईल,” ती शर्वरीला म्हणाली. “चिप काढावी लागेल.”

“तू करशीलच, ताई. तुझ्याएवढं कुणाला जमतंय?”

या कौतुकानंही तिला बरं वाटलं नाही. शर्वरीला कौतुक करायला काय जातंय, जिचं सगळं आधीच पदरात पडलंय तिला?

दुपारी तिनं दुकानाचं शटर अर्धं ओढलं. गरम हवेची पिस्तूल काढली, चिमटा काढला. आणि मग सगळं तसंच ठेवून लाल पेनड्राइव्ह घेऊन ती आतल्या खोलीत गेली. फक्त बघायचं होतं. माझा आहे का नाही, एवढंच. सोवळ्यातला संगणक होताच, मध्ये एकमार्गी जोडणी होती, संगणकाकडून ड्राइव्हवर एक अक्षरही लिहिलं जाणार नव्हतं. कुणाला काय होणार होतं? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. घाटगे साहेबांनी हे पाहिलं असतं तर त्यांना फार आनंद झाला असता.

नावांची रांग उलगडली. अद्वैत, अन्वी, इरावती, ओंकार. ती थेट ‘ह’वर गेली. हर्षद होता, हृदया होती. हेमांगी नव्हती. तिनं खाली वर दोनदा पाहिलं. ‘श’मध्ये मात्र शर्वरी ठळक बसली होती. तिनं ती उघडली. आईचा तरुण, खणखणीत आवाज खोलीत घुमला. पाच कडवी होती. तिनं ती दोनदा ऐकली, मग रागानं बंद केली, मग पुन्हा लावली.

दुसऱ्या दिवशी ‘शर्वरी’च्या खाली ‘शर्वरी घरगुती’ नावाची फाईल होती. काल ही दिसली नव्हती का? घाईत नजरेतून सुटली असेल. तिनं उघडली. आई बोलत होती. “शरू, तू आलीस आणि घर भरलं बघ.” हेमांगीनं ती पुन्हा पुन्हा ऐकली.

तिसऱ्या दिवशी आणखी चार निघाल्या. आई शर्वरीला न्हाऊ घालत होती, आई शर्वरीला म्हणत होती, “शरू, थोरली आपली दगड आहे, तुझ्यावरच माझा जीव.” हे ऐकलं आणि हेमांगीच्या डोळ्यांत पाणी आलं. पण खरं सांगायचं तर त्या पाण्यात एक समाधानही होतं. म्हणजे मी म्हणत होते ते खोटं नव्हतं. इतकी वर्षं मनात जे कुढत होते त्याला पुरावा मिळाला. मत्सराला पुराव्याइतकं गोड काही लागत नाही.

गळ कसा काम करतो हे तिला ठाऊक नव्हतं का? तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं! पण ठाऊक असणं वेगळं आणि नको तेव्हा आठवणं वेगळं. दुखऱ्या दाताला जीभ सारखी जाते, तशी ती तीन दिवस त्या खोलीत जात राहिली. चिमटा आणि पिस्तूल बाहेर टेबलावर तशीच पडून होती.

शनिवारी शर्वरीचा फोन आला.

“ताई, मिळाला का गं?”

“नाही.”

“काहीच नाही?”

“सगळं खराब झालंय. तुझ्या स्टुडिओवाल्याला विचार जा.”

पलीकडे शर्वरी रडायला लागली, अगदी लहानपणी रडायची तशी, हुंदक्यांवर हुंदके. हेमांगीनं फोन ठेवला. बहिणीला रडवून तिला बरं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण तोंडात कडवट चव राहिली ती काही जाईना.

तासाभरानं शर्वरी दुकानाच्या पायऱ्या चढून वर आली. या वेळी बाळ कुशीत होतं. “मला आत नेऊन दाखव,” ती म्हणाली. “खराब तर खराब. आईचं काय झालंय ते मला बघू दे.”

“काय बघायचंय तुला?” हेमांगीचा बांध फुटला. “तुझं काहीच बिघडलेलं नाही. तुझा पाळणा आहे, तुझं न्हाणं आहे, तुझे लाड आहेत. बिघडलंय ते माझं! ये, ऐक. आई माझ्याबद्दल काय म्हणत होती ते तुझ्या कानानं ऐक.”

तिनं शर्वरीला आत ओढलं आणि ती फाईल लावली. थोरली आपली दगड आहे. शर्वरी ऐकत राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला, मग हळूहळू त्यावर आठ्या आल्या.

“पुन्हा लाव.”

“मजा आली वाटतं?”

“लाव म्हणते ना, ताई.”

हेमांगीनं लावली. “शरू, थोरली आपली दगड...” आईचा तो ‘श’ थोडी शीळ घालत आला.

“ही कवळी लावलेली आई आहे,” शर्वरी म्हणाली.

“काय?”

“ऐक ना. ‘श’ ऐक. कवळी बसवल्यापासून आई अशी शीळ घालत बोलायची. आपण तिला चिडवायचो नाही का, ‘शंकर म्हण, शशिकला म्हण’? आणि मला न्हाऊ घालतेय म्हणे! मी न्हायच्या वयाची होते तेव्हा आईचे बत्तीसच्या बत्तीस दात जाग्यावर होते. उसाचं कांडं सोलायची ती दातानं.”

हेमांगी खुर्चीत बसली. खरंच की. आईच्या शेवटच्या दहा वर्षांतले पाळणेच ड्राइव्हवर जास्त होते, कापड तेच जास्त मिळालं, म्हणून गळानं त्यातूनच शिवलं. त्याला दातांचं काय कळणार? पण तिला कळायला हवं होतं. तिनं शर्वरीपेक्षा जास्त वेळा ऐकलं होतं. फक्त ती आवाज ऐकत नव्हती, आरोप ऐकत होती.

“आई असं बोललीच नाही,” शर्वरी म्हणाली. आणि मग, “तुला खरं वाटलं?”

हेमांगीनं पेनड्राइव्ह झटक्यानं उपटला, कारण आता तिला दुसरंच काहीतरी आठवलं होतं. ड्राइव्ह काठोकाठ भरलेला होता. गळानं नव्या फायली ठेवल्या कुठं? एकमार्गी जोडणी संगणकाला लिहू देत नव्हती, पण कारकून आतल्या आत लिहीत होता, त्याला कोण अडवणार? भरलेल्या कोठारात नवं पोतं टाकायचं तर जुनं बाहेर फेकावं लागतं. आणि गळ फेकतो ते जुनं, ज्याला कुणी हात लावत नाही. सोवळ्यातल्या संगणकाला तिनं ड्राइव्हपासून जपलं. ड्राइव्हला तिच्यापासून कुणी जपलं नाही.

बाळाला मांडीवर घेऊन शर्वरीनं दिवा जवळ धरला, आणि हेमांगीनं जे पहिल्याच दिवशी करायचं ते शनिवारी केलं. चिप नीट निघाली. वाचकयंत्रानं कोठार जसंच्या तसं उतरवलं. आता मध्ये कारकून नव्हता, जे होतं ते उघडं होतं.

शर्वरीचा पाळणा अगदी सुखरूप होता. हेमांगी रोज तो उघडत होती म्हणून गळानं त्याला धक्का लावला नव्हता. जिच्यावर जळत होती तिचीच राखण केली होती तिनं तीन दिवस. बाकी पेठेतल्या पोरांचे बहुतेक पाळणेही होते. गळाच्या फायलींखाली मूठभर पाळणे गाडले गेले होते. सगळ्यात लांबलचक जो होता, त्याच्यावर तर न्हाणं, लाड आणि दगड असं सगळं रचून ठेवलं होतं, त्याचं नावसुद्धा उरलं नव्हतं.

“तो गेला म्हणायचा?” शर्वरीनं विचारलं.

“गेला. पण त्याच्यावरच्या सगळ्या खोट्या फायली मिळूनही त्याच्याएवढी जागा भरलेली नाही. म्हणजे शेवटचा तुकडा उरला असेल. ज्याचा असेल त्याला देऊ आपण. पाया पडून देऊ.”

तिनं तो तुकडा लावला. खरखर झाली. मग आईचा आवाज आला, इतका कोवळा की दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. शर्वरीच्या पाळण्यातल्या आईपेक्षाही ही आई लहान होती, नवी होती, गाताना मध्येच श्वास कमी पडणारी.

*बाराव्या दिवशी जमल्या बाया,*
*कृष्णा-कोयना लागल्या गाया,*
*रेवती माझी पहिली माया,*
*जो बाळा जो जो रे जो.*

“कुणाची रेवती?” शर्वरी म्हणाली. “पेठेत कुणी रेवती नव्हती.”

हेमांगीचं लग्न ठरताना पत्रिका काढली होती तेव्हा गुरुजींनी वाचलं होतं ते, ‘पाळण्यातलं नाव रेवती’. आत्यानं ठेवलेलं. वडिलांनी शाळेत घालताना हेमांगी लिहिलं आणि रेवती पत्रिकेच्या घडीत राहिली. परवा नावांच्या रांगेत ‘र’मध्ये ती बसलेली होती. हेमांगीनं तिच्यावरून नजर फिरवली होती, कुणा परक्याचं पोर समजून.

“मी,” ती शेवटी म्हणाली. “ती मी आहे.”

बारा दिवसांची बारा कडवी होती. आईनं रचलेला पहिला पाळणा, सगळ्यांत लांब पाळणा. अकरा तिनं आपल्या डोळ्यांनी खाल्ली होती. ती रडली, आवाज करून रडली, मांडीवरचं बाळ दचकलं आणि तेही रडायला लागलं. कुणाला आधी गप्प करावं ते शर्वरीला कळेना.

“ताई,” ती नंतर डोळे पुसत म्हणाली, “तो कारकून अजून आहे ना? त्याला चिप परत जोडली आणि तू हेच ऐकत बसलीस, तर तो बाकीची अकरा गाऊन देईल ना? आईच्याच आवाजात?”

देईल. हेमांगीला ते आधीच सुचलं होतं. फार सुरेख देईल. पहिल्या दिवसापासून अकराव्यापर्यंत, तिला जे जे ऐकायचं होतं ते सगळं आई म्हणेल. दोन दिवसांत कोणतं कडवं खरं आणि कोणतं शिवलेलं हे तिलाही सांगता येणार नाही. तिनं चिमट्यातला तो कारकून, नखाएवढा काळा चौकोन, उजेडात धरला. तिला त्याचाही हेवा वाटला. तीन दिवस तो आईच्या गळ्यातून बोलत होता.

“आईची जागा याला द्यायची? हेवाच करायचा तर याच्यापेक्षा तू बरी,” ती म्हणाली आणि हातोडीनं तिनं त्याचा भुगा केला.

जिन्याच्या तोंडाशी शर्वरी थांबली. “एक विचारू? बाळाचं नाव रेवती ठेवलं तर?”

“नाही,” हेमांगी तोंडातून शब्द निसटावा तशी म्हणाली. “ते माझं आहे.”

शर्वरी हसली. कितीतरी वर्षांनी दोघी एका वेळी हसल्या.

रविवारी बारशाला पेठेतल्या बायकांनी घर भरलं होतं. घुगऱ्यांचा वास सुटला होता. पाळण्याखालून-वरून ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ झालं, बाळाची आत्या वाकली आणि कानात नाव सांगून तिनं ते मोठ्यानं म्हटलं. “मैत्रेयी!” हेमांगीनं तोवर श्वास रोखून धरला होता. तिला हायसं वाटलं, हायसं वाटल्याची लाज वाटली, आणि तरी हायसंच वाटत राहिलं.

मग स्पीकरवर आई गायली. ‘शर्वरी आली चांदणं घेऊनी.’ पाच कडवी, सबंध. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. हेमांगीनंही पहिल्यांदाच तो पाळणा न जळता ऐकला, आणि तो खरोखर छान होता.

“आता ताईचा,” शर्वरी म्हणाली. “लाव गं.”

“लावत नाही,” हेमांगी म्हणाली. “मी म्हणते.”

तिचा आवाज काही आईसारखा नव्हता. पाळण्याची दोरी हातात घेऊन तिनं बाराव्या दिवसाचं कडवं म्हटलं, ‘पहिली माया’पर्यंत आली तेव्हा थांबली, आणि जो जो रे जो करून पुरं केलं. बायका पुढच्या कडव्याची वाट बघत राहिल्या. पुढं काही नव्हतं.

शेजारच्या गोदामावशी, ज्यांना काकूंचे निम्मे पाळणे पाठ होते, कान पुढं करून म्हणाल्या, “अगं, हे तर शेवटचं झालं. आधीची अकरा कुठायत?”

हेमांगीनं दोरी ओढली. पाळणा हलला.

“गेली, मावशी,” ती म्हणाली. “मी शर्वरीची बघत बसले होते, तेवढ्यात माझी गेली.”